कान दे

उमेओच्या रस्त्यावर, पेट्रोलपंपाला चिकटून
एक लाकडी खोली. चार टेबलं, एक हीटर,
भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, त्यात समुद्र.
बाहेर उणे एकोणीस.
काच खरवडून बोटं आखडली होती,
म्हणून शिरले आत. भूक नव्हती.

यादीतल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.
सेंगदावनं माझे पांढरे केस पाहिले
आणि एक मिरची वर धरली.
मी दोन बोटं दाखवली.
कागदगिरणीत एकतीस वर्षं काढलेली बाई मी,
एका मिरचीवर बोळवण?

आलं ते. कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे, सोडे,
चेचलेली फरसबी, तळाला तपकिरी पाणी.
पहिला घास गार. दुसरा आंबट.
तिसऱ्याला कळेना कोण बोंब मारतंय,
जीभ, नाक, की कपाळ.
घळाघळा पाणी आलं डोळ्यांतून.
अर्विद गेला तेव्हाही
इतक्या चटकन आलं नव्हतं.
तिनं काही विचारलं नाही,
चिकट भाताची टोपली पुढे सरकवली.

आमच्याकडे गुरुवारी वाटाण्याचं सूप.
लग्न असो, सुतक असो, गुरुवारी सूपच.
त्या हिवाळ्यात मी नऊ गुरुवार बुडवले.

मार्चमध्ये ती आईकडे निघाली, उदोनला, सहा आठवडे.
जाताना म्हणाली, गुनबोर्ग, घरी कर.
माप विचारलं, तर हसली.
माप कसलं? कान दे.
बत्ता कोरडा बोलला तर कुटत राहा,
ओला बोलला की थांब.
मी मान डोलावली.
सांगितलं नाही, की डावा कान
चार नंबरच्या यंत्राखाली कधीच गेला,
आणि उजवा रात्री खणात झोपतो, डबीत.

पपई कुठली आमच्या दुकानात!
नवलकोल मिळाला, मुठीएवढा, सालीला माती.
पामची साखर नाही, तर आल्याच्या बिस्किटांची काकवी.
मासळीच्या पाण्याची बाटली देताना
पोरानं नाक मुरडलं.
अरे, आंबलेल्या हेरिंगचा डबा
अंगणात बसून उघडणाऱ्या घरातली मी,
मला काय भिववतोस?
लिंबं मात्र दगड निघाली.
म्हणून फ्रीझरमधल्या लिंगनबेरी, मूठभर.

खल सासूचा, पितळी, पावात घालायच्या वेलचीचा.
कितीही घासा, वेलची जात नाही.
टेबलावर ठेवून कुटलं, काही ऐकू येईना.
यंत्र कानात घातलं, तर नुसती शिट्टी.
शेवटी काढून ठेवलं, खाली बसले,
खल धरला दोन गुडघ्यांत.
आणि आलं.
मांडीच्या हाडातून वर, कंबरेपर्यंत,
ठक, ठक, मग जरा मऊ,
मग जणू चिखलात बूट.
थांबले.
घर एवढं बोललं नव्हतं बऱ्याच दिवसांत.

एप्रिलअखेर ती परतली.
मुरंब्याच्या बरणीत भरून नेलं तिच्याकडे.
उभ्याउभ्याच खाल्लं तिनं, काउंटरला टेकून.
चावता चावता थबकली.
वेलची?
सासूची, मी म्हणाले.
मग काट्यानं एक बेरी उचलून
ट्यूबलाइटसमोर धरली.
पहिल्यांदा आले ना, तेव्हा हीच वेचायला, म्हणाली.
दोन महिने. डास. पाठ.
एका बादलीला किती मिळायचे तो आकडा सांगितला.
यंत्र कानात होतं. नीट ऐकू आलं.
तरी मी पुन्हा विचारलं.
तिनं पुन्हा तोच सांगितला.

मग खोक्यातून चार लिंबं काढून
माझ्या कोटाच्या खिशात कोंबली,
आणि खात राहिली, सगळं संपेपर्यंत,
बेरी तेवढ्या एकेक
बशीच्या कडेला ठेवत.